चाकाचे इंच आणि गाडीचा पिकअप

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी झाली, सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले, की छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडवर टायरवाल्यांकडे एक ठरावीक गिऱ्हाईक यायला लागतं. वय पंचवीस-तीस. गाडी हॅचबॅक, तीही जरा स्पोर्टी व्हेरियंट. मागच्या काचेवर गावाचं नाव. आणि मागणी एकच, "काका, सतरा इंची मॅगव्हील टाकायचेत. गाडी भरल्यासारखी दिसली पाहिजे." मॅगव्हील म्हणजे अलॉयची चाकं. चार दिवसांनी त्यांच्यातलाच एखादा परत येतो. म्हणतो, "गाडी लई भारी दिसायली, पण पहिल्यासारखी उचलेना." आज बोलायचंय ते या दोन वाक्यांबद्दल. चाक मोठं केलं की गाडी देखणी का दिसते, आणि तिचा पिकअप का पडतो.

आधी दिसण्याचं बोलू. गाडीचं रूप ठरवणारे डिझायनर कागदावर पहिलं चित्र काढतात ना, त्यात चाकं कायम अवाढव्य असतात. बॉडी बारीक, काचा चिंचोळ्या आणि चाकं मडगार्डात गच्च बसलेली. मोटार शोमध्ये ठेवलेल्या नमुन्याच्या गाड्याही तशाच असतात. विक्रीला येताना खर्च, खड्डे, स्टिअरिंग वळायला लागणारी जागा असा सगळा हिशोब होतो आणि चाकं लहान होतात. म्हणजे तुमच्या डोळ्याला गाडीत काहीतरी कमी वाटतं, ते उगाच नाही. मूळ चित्रात ते होतंच.

दुसरी गोष्ट अशी, की गाड्यांची बॉडीच जाड झाली आहे. जुनी मारुती 800 आठवा. तिची चाकं 12 इंची होती, तरी ती कुणाला केविलवाणी वाटली नाही. कारण गाडी बुटकी होती, दरवाजे पातळ आणि काचा मोठ्या. आता बाजूच्या धडकेपासून बचाव व्हावा म्हणून दरवाजे जाड केले, खिडकीची खालची कड वर गेली, बॉनेट उंच झालं. एवढ्या पत्र्याखाली 14 इंची चाक दिसतं म्हणजे मोठ्या ताटात एकटी वाटी.

पण देखणेपण नुसत्या इंचांत नसतं, हे दुकानात फारसं कुणी सांगत नाही. चाकाच्या काड्या, म्हणजे स्पोक, बारीक असून रिमच्या अगदी काठापर्यंत गेले असतील, तर 16 इंची चाकही मोठं भासतं. उलट काठावर जाड चकचकीत पट्टी असेल, तर 17 इंचीही लहान वाटतं, कारण नजर पट्टीच्या आतच थांबते. काळा रंग सध्या फॅशनमध्ये आहे, पण काळं रिम आणि काळा टायर मिळून लांबून एकच गोळा दिसतो. पैसे खर्च केले ते दिसावेत असं वाटत असेल, तर चंदेरी किंवा डायमंड कट घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चाक मडगार्डाच्या आत किती खोल बसलंय. त्याला ऑफसेट म्हणतात. रिमच्या मागच्या बाजूला ई आणि टी ही इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडा कोरलेला असतो, तोच हा. चाक आत दडलं की गाडी खांदे पाडून उभी असल्यासारखी वाटते, मडगार्डाच्या रेषेत आलं की छाती काढल्यासारखी. माझ्या मते स्पोर्टी दिसण्यात निम्मा वाटा या बसण्याचा आहे. मात्र चाक बाहेर काढण्यासाठी आत जाड स्पेसर, म्हणजे धातूची चकती, ठोकू नका. बेअरिंगवर आणि नटांवर त्याचा भार येतो.

आता पिकअपकडे येऊ. इथे कागद-पेन घेतलं तर बरं.

टायरवर लिहिलेलं असतं 195/55 आर 16. म्हणजे टायरची रुंदी 195 मिलीमीटर, बाजूच्या रबराची उंची त्याच्या 55 टक्के, अंदाजे 107 मिलीमीटर, आणि रिम 16 इंची. आय-ट्वेंटी एन लाइनला हाच साइज येतो. रिम आणि वरची-खालची रबराची उंची मिळून चाकाचा बाहेरचा व्यास होतो 621 मिलीमीटर. आता 17 इंची रिमला 205/45 टायर घेतला तर व्यास येतो 616. जवळपास तेवढाच. पण तोच गडी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून 215/50 घेतो, कारण तो ‘भरलेला’ दिसतो. व्यास जातो 647 वर. मूळ चाकापेक्षा 4 टक्के जास्त.

या 4 टक्क्यांनी काय होतं? इंजिन चाकाच्या अक्षाला पीळ देतं. तो पीळ जमिनीवर ढकलशक्ती होऊन उतरतो, तेव्हा त्याला चाकाच्या त्रिज्येने भागावं लागतं. त्रिज्या 4 टक्के वाढली की त्याच गिअरमध्ये, तेवढ्याच रेसवर, ढकल 4 टक्के कमी. तुम्ही न सांगता कंपनीचा गिअर बदलून लांब केल्यासारखं झालं. हायवेला इंजिन थोडं शांत चालतं, हा फायदाही आहे. पण गावात, स्पीडब्रेकरवरून दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलताना, आणि त्यातही टर्बो इंजिन असेल तर, हा फरक पायाला कळतो. शिवाय स्पीडोमीटरला बिचाऱ्याला काही माहीत नसतं. चाकाचे फेरे मोजूनच तो वेग सांगतो. आधी काट्यावर जेवढा वेग दिसायचा, तेवढाच दिसत असताना गाडी आता 4 टक्के जास्त धावत असते. समृद्धीवर कारला 120 ची मर्यादा आहे. तुम्ही 120 वर काटा धरून निवांत बसाल आणि कॅमेरा मात्र वेगळाच आकडा टिपेल.

बाहेरचा व्यास बरोबर ठेवला तरी एक गोष्ट उरते, ती म्हणजे वजन. आणि हीच गोष्ट कुणी विचारत नाही. रिम पाहताना आपण डिझाइन विचारतो, रंग विचारतो, किंमत पाडून मागतो, पण किती किलोचं आहे हे विचारणारा गिऱ्हाईक शंभरात एखादा. "अलॉय म्हणजे हलकं" हा आपला समज. कंपनीच्या अभ्यासाने बनवलेलं अलॉय हलकं असतं खरं, पण साच्यात ओतून केलेलं स्वस्तातलं 17 इंची रिम मूळच्या 15 इंची पोलादी रिमपेक्षा जड निघू शकतं. आपल्याकडे मोंढे आहेत, गल्लोगल्ली वजनकाटे आहेत. जुनं चाक टायरसकट काट्यावर ठेवा, मग नवं ठेवा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. काटा 17 किलोवरून 20 वर गेला, तर एका चाकामागे 3 किलो वाढले, चार चाकांचे 12.

तुम्ही म्हणाल, 12 किलो म्हणजे डिकीतली एक पिशवी. पण पिशवी गाडीबरोबर नुसती पुढे जाते. चाकाला पुढेही जायचं असतं आणि गोलही फिरायचं असतं. त्याचं वजन काठाकडे असेल तर फिरवायला आणखी जोर लागतो. वजन सगळं काठावर असतं तर एका किलोचा भार दोन किलोंइतका पडला असता. प्रत्यक्षात तो दीडपटीच्या आसपास असतो. म्हणजे तुमचे 12 किलो इंजिनला 18-20 किलो वाटतात. गाडी माणसासकट 1,200 किलोची धरली तर दीड टक्क्याच्या वर फरक. शून्य ते शंभर 10 सेकंदांत जाणारी गाडी आता 10.2 सेकंद घेईल.

खरं सांगायचं तर 0.2 सेकंद काही आभाळ कोसळण्यासारखं नाही. जे म्हणतात की मोठ्या चाकाने गाडी ‘मरते’, ते फुगवून सांगतात. अमेरिकेतल्या ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने 2010 मध्ये एकाच फोक्सवॅगन गोल्फला 15 पासून 19 इंचांपर्यंत चाकं लावून चाचणी घेतली होती. ताशी 60 मैल गाठायला 7.6 ऐवजी 7.9 सेकंद लागले. पण डिझेल-पेट्रोलचं बिल भरणाऱ्याने पुढचा भाग ऐकावा. अ‍ॅव्हरेज सुमारे 10 टक्क्यांनी घटलं. पिकअपपेक्षा खिशाला जास्त झळ बसली.

मग स्पोर्ट्स कारना एवढी मोठी चाकं का असतात? पहिलं कारण ब्रेक. जोरात पळणारी गाडी थांबवायला मोठी डिस्क लागते आणि ती रिमच्या आत मावली पाहिजे. दुसरं कारण म्हणजे बाजूचं रबर कमी असलं की वळणावर टायर कमी लवतो आणि स्टिअरिंगला लगेच उत्तर देतो. हा फायदा खरा आहे. शेंद्र्याच्या कारखान्यात पूर्वी जुळणी व्हायची ती स्कोडाची ऑक्टाव्हिया आपल्या भागात अनेकांनी चालवली आहे. तीच गाडी 16 आणि 17 इंचांवर चालवून बघितलेल्याला मी काय म्हणतोय ते कळेल. पण ज्या इंजिनात 80-90 हॉर्सपॉवर आहेत, त्याची चाकं रस्त्यावर घसरतच नाहीत, त्याला रुंद टायर देऊन उचल वाढत नाही. तिथे टायरच्या रबराचा दर्जा सांभाळला तर त्याच पैशात ब्रेकसुद्धा सुधारतो.

आणि वेगासाठी मोठं रिम हवंच, हे काही इतिहासाला मान्य नाही. 1959 मध्ये आलेल्या ब्रिटिश मिनीची चाकं 10 इंची होती. तिच्या कूपर एस या तगड्या भावंडाने 1964, 1965 आणि 1967 मध्ये मॉन्टे कार्लोची रॅली जिंकली, त्याच चिमुकल्या चाकांवर. फेरारीची एफ-40 ही 1987 ची गाडी 17 इंची रिमवर धावायची. आज तेवढं रिम आपल्या क्रेटाला येतं. फॉर्म्युला वनच्या गाड्या तर 2021 पर्यंत 13 इंची रिम वापरत होत्या. 2022 पासून 18 इंची आले. रस्त्यावरच्या गाड्यांशी नातं दिसावं हे त्यामागचं एक कारण होतं. तिथेही शेवटी दिसण्याचाच मुद्दा आला की!

आता आपल्या रस्त्यांकडे वळू. मराठवाड्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यावरचं डांबर वर-खाली होतं, कडा तुटतात, खड्ड्याला धार येते. 107 मिलीमीटरचं रबर त्या धारेवर दबतं आणि परत येतं. 205/45 चं रबर उरतं 92 मिलीमीटर. हौशी मंडळी 18 इंचीला 215/35 लावतात, तिथे उरतं फक्त 75. धार थेट रिमला भिडते. मग टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा येतो. आत दोऱ्यांचा थर तुटलेला असतो आणि नुसतं रबर हवेला धरून असतं. या फुग्याला पंक्चरवाला काही करू शकत नाही, कुणी ‘चालतंय’ म्हणाला तरी ऐकू नका. तो टायर बदलायचाच. विशेषतः समृद्धीवर जाणार असाल तर. 701 किलोमीटरचा सिमेंटचा रस्ता, मे महिन्याचं ऊन, तासन्‌तास एकच वेग. हवा कमी असली की टायरची बाजू दर फेऱ्याला वाकते, तापते आणि मग फुटते. हवा भरायची ती सकाळी, टायर थंड असताना, दरवाज्याच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे. उन्हात गाडी चालवून पंपावर गेलात आणि हवा जास्त दिसते म्हणून सोडलीत, तर स्वतःच्या हाताने टायर कमी हवेचा केलात.

भाराचा आकडाही बघा. साइजच्या पुढे दोन अंक असतात. मूळ टायरवर 87 असेल तर तो 545 किलो पेलतो. 205/45 आर 17 चा साधा टायर 84 चा मिळतो, म्हणजे 500 किलोच. रुंद दिसतो, पण ताकद कमी! लग्नाला पाच माणसं आणि आहेराच्या पिशव्या घेऊन निघाल तेव्हा तो टायर उगाच ताणला जाईल. त्याच साइजमध्ये 88 चा एक्सएल, म्हणजे जादा भाराचा, टायर येतो, तोच मागा.

माझा सल्ला विचाराल तर मूळ रिमपेक्षा एक इंच वर जा, त्यापुढे नको. त्यातही कंपनी तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला जो साइज देते तो घेतला तर आरटीओ आणि विमा, दोन्हींचा घोर कमी होतो. नटांचं गणितही जुळतं. स्विफ्ट आणि आय-ट्वेंटीला चार नट, पोलो आणि स्लाव्हियाला पाच, नट ज्या वर्तुळावर बसतात ते मात्र दोन्हीकडे 100 मिलीमीटरचं. भोकं वाढवून रिम बसवून देणारे महाभाग आहेत, त्यांच्या दारातून गाडी परत काढा.

जुने नट मात्र दुकानात सोडून येऊ नका. अलॉयचे नट आणि पोलादी स्टेपनीचे नट यांची रिमला टेकणारी बाजू काही गाड्यांत वेगळी असते. बिलोली-देगलूरच्या वाटेवर रात्री स्टेपनी बदलताना नवे नट त्यात बसले नाहीत, तर मोबाइलच्या उजेडात काही सुचत नाही. जुने नट एका कापडी पिशवीत बांधून डिकीत जॅकजवळ ठेवा. आणि नवी चाकं बसवल्यावर 100 किलोमीटर झाले की दुकानात परत जाऊन सगळे नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने, एकदा तपासून घ्या. त्याचे पैसे बहुतेक कुणी घेत नाही.

नमस्कार.