आपल्याच पेशींना नवी नजर

ही पिशवी बघा. तळहातावर मावेल एवढी. आत गढूळसर पाणी दिसतंय ना, त्यात समोरच्या कॅन्सरच्या रुग्णाच्याच टी पेशी आहेत. काही आठवड्यांपूर्वी त्याच्याच रक्तातून काढलेल्या, मधल्या काळात गोठवून ठेवलेल्या. आता त्या सलाईनसारख्या नसेतून घरी परत चालल्यात. गोठवताना घातलेल्या द्रव्यामुळे खोलीत लसणासारखा वास दरवळतो. थोड्याच वेळात पिशवी रिकामी होते.

टी पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. विषाणू शिरलेली पेशी त्या हेरतात आणि मारतात. पण कॅन्सरची पेशी परकी नसते, घरातलीच बिघडलेली असते, आणि राखणदार फसतो. म्हणून प्रयोगशाळेत, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीनं, टी पेशीत एक नवा जीन सोडतात. मग तिच्या अंगावर जणू नवा हात उगवतो. बी पेशींच्या, म्हणजे रक्तातल्याच दुसऱ्या एका प्रकारच्या राखणदार पेशींच्या, कॅन्सरवर ‘सीडी १९’ नावाचं प्रथिन असतं. हा हात नेमकं तेच पकडतो. हीच कार-टी उपचारपद्धती.

अमेरिकेत तिला पहिली मान्यता २०१७ साली मिळाली. खर्च तीन-चार कोटींचा. आपल्याकडे हे काम पवईच्या आयआयटीत डॉ. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेनं आणि टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मिळून उभं केलं. ४ जून २०२१ला टाटा मेमोरियलच्याच खारघरमधल्या कॅन्सर संशोधन केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये देशातल्या पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या गेल्या. २०२३च्या ऑक्टोबरात या देशी कार-टीला, म्हणजे ‘नेक्सकार १९’ला, मान्यता मिळाली. खर्च तीस-चाळीस लाखांच्या घरात आला. परदेशाच्या जवळजवळ दहावा हिस्सा! याचा अभिमान वाटतोच. पण शेत विकूनही ज्यांच्याकडे एवढे पैसे उभे राहत नाहीत, त्यांच्यापर्यंत हे पोचायला हवं, आणि लवकर पोचायला हवं.

चाचण्यांत दहापैकी सुमारे सात रुग्णांचा आजार मागे हटला. काहींचा परतलाही.

पिशवी संपली की खरी जागरणं सुरू होतात. नव्या पेशी झपाट्यानं वाढतात, ताप चढतो, कधी बीपी खाली येतं. मेंदूवर परिणाम झाला तर तो आधी हस्ताक्षरात दिसू शकतो. म्हणून रुग्णाला रोज एक साधं वाक्य लिहायला सांगतात. कालचं आणि आजचं वाक्य शेजारी ठेवून नर्स बघते: ओळ सरळ आहे ना, वेलांटी जागेवर आहे ना.