‘थांबा’ म्हणायचं कोणी?

मंडळी, एखाद्या मोठ्या ब्रँडचा टी-शर्ट लोकांच्या रोषाचं कारण झाला की एक प्रश्न हमखास विचारला जातो. एवढी मोठी कंपनी, मग कुणालाच कसं दिसलं नाही? आज या एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवणार आहे.

२०१८च्या जानेवारीतलं एच अँड एमचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. लहान मुलांची हिरवी हुडी आणि छातीवर इंग्रजी ओळ: ‘कूलेस्ट मंकी इन द जंगल’. जंगलातलं सगळ्यात भारी माकड! पोरांच्या कपड्यांवर माकडं, वाघ, डायनासोर असायचेच. हीच हुडी घडी करून दुकानात ठेवली असती, तर कदाचित कुणी वळूनही पाहिलं नसतं. पण कंपनीच्या ब्रिटिश वेबसाइटवर ती एका कृष्णवर्णीय मुलाच्या अंगावर दिसली. आफ्रिकी वंशाच्या माणसांना माकड म्हणून हिणवण्याला शतकांचा इतिहास आहे. तो सगळा त्या एका फोटोत येऊन बसला. दक्षिण आफ्रिकेत आंदोलकांनी कंपनीच्या दुकानांत तोडफोड केली, द वीकेंड या गायकाने कंपनीशी संबंध तोडले.

आता ही साखळी पाहा. मजकूर ठरवणारे वेगळे, शिवणारे वेगळे, फोटो काढणारे वेगळे, वेबसाइटवर चढवणारे वेगळे. प्रत्येकाच्या टेबलावर वस्तूचा एकेक तुकडा येतो आणि तो तुकडा निर्दोषच दिसतो. २००७ साली झाराला एक हँडबॅग परत घ्यावी लागली. तिच्यावर फुलं आणि सायकली भरलेल्या होत्या, आणि कोपऱ्यांत हिरवी स्वस्तिकं. माल भारतातल्या पुरवठादाराचा होता. आम्ही मंजूर केलेल्या नमुन्यात स्वस्तिक नव्हतंच, असं कंपनीने सांगितलं. बनवणाऱ्याच्या लेखी शुभचिन्ह, युरोपातल्या गिऱ्हाईकाच्या लेखी हिटलर. दोघांनाही एकाच वेळी ओळखणारा माणूस मधे कुठेच नव्हता.

माणूसच नसला तर काय होतं, त्याचा नमुना २०१३ साली मिळाला. ‘कीप काम अँड कॅरी ऑन’, म्हणजे ‘शांत राहा आणि आपलं चालू ठेवा’, हे १९३९चं ब्रिटिश सरकारी पोस्टर. सॉलिड गोल्ड बॉम्ब नावाच्या कंपनीने एक प्रोग्रॅम लिहिला. तो शब्दांच्या यादीतून एकेक क्रियापद उचलून या वाक्यात बसवायचा आणि तयार झालेला टी-शर्ट ॲमेझॉनवर विक्रीला लावायचा. यादीत ‘रेप’ हा शब्द राहून गेला होता. गंमत म्हणा की भयानक म्हणा, तो शर्ट कुणी छापलेलाच नव्हता. ऑर्डर आली तरच छापायचा. अस्तित्वात नसलेल्या शर्टापायी कंपनी मात्र बुडाली.

सगळंच नजरचुकीने होतं असं मात्र समजू नका. २००२ साली अबरक्रॉम्बी अँड फिचने चिनी धोब्यांची टिंगल करणारे टी-शर्ट काढले. ओरड झाल्यावर कंपनीच्या प्रवक्त्याने सांगितलं, आम्हाला वाटलं आशियाई लोकांना हे फार आवडेल! हे उत्तर मला आजच्या गुळगुळीत माफीनाम्यांपेक्षा उपयोगी वाटतं. त्यातून निदान इतकं तरी कळतं की ज्यांच्यावर विनोद होता, त्यांचं मत गृहीत धरलं होतं.

प्रत्येक संताप एकाच तागडीत तोलता येत नाही, हेही खरं. २०१९ साली हाँगकाँगला वेगळा देश दाखवणाऱ्या टी-शर्टबद्दल व्हर्साचेने चीनची माफी मागितली. तिथे प्रश्न सत्तेचा आणि बाजारपेठेचा होता.

पण मूळ प्रश्नावर येऊ. त्याच वर्षी फेब्रुवारीत बर्बरी या ब्रिटिश ब्रँडने लंडनच्या फॅशन शोमध्ये एक हुडी दाखवली. तिच्या दोऱ्यांना फाशीच्या दोरासारखी गाठ होती. शोमधल्याच एका मॉडेलला ती आधीच खटकली होती. तिने जाहीरपणे लिहिलं की हा विषय काढल्यावर मला पत्र लिहायला सांगण्यात आलं. म्हणजे तिला दिसलं होतं! पण कपडा मागे घ्यायला लावण्याची ताकद तिच्या शब्दाला नव्हती, आणि ज्यांच्या शब्दाला होती ते शोच्या धावपळीत.

म्हणून मला प्राडा या इटालियन ब्रँडचं प्रकरण महत्त्वाचं वाटतं. २०१८च्या डिसेंबरात, काळा चेहरा आणि जाड लाल ओठ असलेल्या, कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या जुन्या चित्रांची आठवण देणाऱ्या त्यांच्या बाहुल्यांवरून न्यूयॉर्कमध्ये वाद पेटला. तिथल्या मानवी हक्क आयोगाशी २०२०च्या फेब्रुवारीत कंपनीने समझोता केला. त्यात कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं कलम आहेच, पण मला दुसरं जास्त मोलाचं वाटतं: माल अमेरिकेत विक्रीला जाण्याआधी त्याची डिझाइनं तपासणारा वरिष्ठ अधिकारी नेमायचा. यापुढे कुठल्याही कंपनीचा माफीनामा हाती आला, की मी त्यात आधी या अधिकाऱ्याचं पद शोधतो, आणि त्याला माल अडवता येतो का ते पाहतो.