भिंत बंद होण्याआधी

[दृश्य: रिकामी खोली. भिंतीवर खडूच्या खुणा. दाराच्या चौकटीपासून टेपने माप घेणं चालू आहे.]

घराचं नूतनीकरण निघालं की चर्चा होते रंगाची, लादीची, दिव्यांच्या आकाराची. वायरिंगचा विषय निघतो तो गवंडी दारात उभा राहिल्यावर. वायरमन विचारतो, "पॉइंट कुठे कुठे द्यायचे?" आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा निर्णय उभ्या उभ्या, बोटाने भिंत दाखवत घेतला जातो.

या खोलीत तो आधी घेतला जातोय. दार कुठल्या बाजूला उघडतं ते पहिल्यांदा आखलंय, कारण दाराआड गेलेलं बटण रोज अंधारात चाचपडावं लागतं. मग पलंग, टेबल, कपाट. सामान कुठे येणार हे ठरलं नसेल तर सॉकेटच्या जागेवर वाद घालण्यात अर्थ नाही. कपाट येतं आणि नेमका तोच बोर्ड झाकून टाकतं.

[दृश्य: जुना बोर्ड उघडलेला. आत वायरींचा गुंता, काळवंडलेली चिकटपट्टी.]

आधी जुनं काय आहे ते बघायचं. मेन बंद करायचा आणि खिशातल्या टेस्टरवर न विसंबता मीटरने खात्री करायची. कुठे अ‍ॅल्युमिनियमच्या वायरीला तांब्याची वायर नुसती पीळ देऊन जोडलेली असते. असा जोड काळाबरोबर सैल होतो, सैल झाला की तापतो. कुठे तीन पिनांचं सॉकेट दिमाखात बसवलेलं असतं आणि त्याचं तिसरं भोक, म्हणजे गळती झालेली वीज जमिनीत नेणाऱ्या अर्थिंगचं, कुठेच जोडलेलं नसतं. अर्थिंग नसणं वाईटच, पण ते असल्याचा देखावा त्याहून घातक, कारण घरातली माणसं त्यावर विश्वास टाकून असतात.

[दृश्य: कागदावर उपकरणांची यादी. प्रत्येकापुढे वॉट.]

आता थोडं गणित. 230 व्होल्टच्या घरात 3000 वॉटचा गीझर साधारण 13 अँपिअर ओढतो. 7000 वॉटची इंडक्शन शेगडी 30 अँपिअरवर जाते. अशा प्रत्येक उपकरणाला डीबीपासून, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या मुख्य बोर्डापासून, स्वतंत्र लाइन हवी, वाटेत दुसरा कुणी भागीदार नको. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची, म्हणजे दीडची वायर, साध्या सॉकेटना अडीचची, जड उपकरणांना चारची किंवा सहाची, ही ढोबळ विभागणी. नेमका आकार लाइनची लांबी, एका पाइपातल्या वायरींची संख्या आणि तिथलं तापमान बघून ठरतो.

एमसीबीबद्दल, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचबद्दल, एक गैरसमज फार पसरलाय. एमसीबी प्रामुख्याने भिंतीतल्या वायरीची राखण करतो, उपकरणाची नाही. "सारखा ट्रिप होतो, जरा मोठा टाकून द्या," असं कुणी म्हणालं तर थांबायचं. अडीचच्या वायरीवर 32 अँपिअरचा एमसीबी बसवला, की वायर तापत राहते आणि एमसीबी शांत बसतो.

[दृश्य: जिन्यातला दिवा, वर-खाली दोन बटणं. आकृतीत फेज लाल, न्यूट्रल काळी.]

माणसाचा जीव वाचवायला आरसीसीबी लागतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, एवढंच तो तपासत राहतो. फरक 30 मिलिअँपिअरवर गेला, की क्षणात लाइन तोडतो. आणि इथेच जुनी घरं गंमत करतात. जिन्यातल्या दिव्याला फेज खालच्या मजल्याची, न्यूट्रल वरच्या मजल्याची. कारण कुणीतरी कधीतरी चार मीटर वायर वाचवली होती. वर्षानुवर्षं काही बिघडत नाही. नवे आरसीसीबी मजल्यानुसार वेगळे बसवले जातात, जिन्यातलं बटण दाबलं जातं आणि घर अंधारात जातं. दोष आरसीसीबीचा ठरतो, बिचाऱ्याचा. खरं तर उसनी घेतलेली न्यूट्रल त्याने पकडून दिलेली असते. नव्या आराखड्यात म्हणून प्रत्येक लाइनची न्यूट्रल तिची तिची ठेवायची, आणि ती प्रत्येक स्विचबोर्डापर्यंत न्यायची. आज तिथे साधं बटण असेल, पण उद्या स्मार्ट स्विच बसवायचा झाला तर बहुतेक स्विचना ती लागतेच.

[दृश्य: झिऱ्या, म्हणजे पाइपासाठी खाचा, मारलेली भिंत. पाइप बसवले जात आहेत.]

वायर बदलता येते. पाइप बदलायचा तर भिंत फोडावी लागते. म्हणून पैसा कुठे वाचवायचा असा प्रश्न आला, तर तो पाइपात वाचवू नये. दोनाहून जास्त वायरी असतील तर पाइपाच्या पोकळीचा साधारण चाळीस टक्केच भाग भरायचा, अशी जुनी शिस्त आहे. ठासून भरलेल्या पाइपातून पुढे काही ओढायला गेलं, की वायरीचं आवरण सोलवटतं. झिऱ्या उभ्या किंवा आडव्या, बोर्डाच्या सरळ रेषेत. तिरक्या कधीच नाहीत. वायरही थोडी वाचते आणि झिरीही लवकर होते, हे कबूल. पण तसबीर लावायला खिळा ठोकणाऱ्याला आत तिरका पाइप आहे हे कळणार कसं?

[दृश्य: निळी डेटा केबल. चार जोड्या उलगडून दाखवल्या आहेत.]

डेटाच्या केबलला वेगळा पाइप. लोक कारण सांगतात ते सिग्नलमधल्या गडबडीचं, आणि ते खोटं नाही. पण केबलमधल्या जोड्यांना पीळ त्यासाठीच तर दिलेला असतो. ही युक्ती ग्रॅहम बेल यांनी टेलिफोनच्या तारांसाठी 1881 साली शोधली. मोठं कारण सुरक्षेचं आहे. एकाच पाइपात आवरण सोलवटलं, तर घरातली वीज थेट राउटरपर्यंत, कदाचित लॅपटॉप हाताळणाऱ्या बोटांपर्यंत पोचू शकते. दोन्ही लाइनींना एकमेकींना ओलांडावंच लागलं तर काटकोनात.

सगळ्या केबल एका ठिकाणाहून निघाव्यात आणि मधे जोड नसावा. भिंतीतली लांबी 90 मीटर आणि दोन्ही टोकांच्या लवचिक तारा मिळून 10, अशी 100 मीटरची मर्यादा. घरात ती क्वचितच गाठली जाते. त्रास देतात ते कोपरे. नळकामाचा काटकोनी एल्बो इथे चालत नाही. केबलच्या जाडीच्या निदान चौपट त्रिज्येचं वळण लागतं. आणि विकत घेताना तारेचं टोक ब्लेडने खरवडून बघा. आत चंदेरी दिसलं, तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. केबलमधूनच वीजही न्यायची असेल, कॅमेऱ्याला किंवा छतावरच्या वायफायला, तर ती तापते.

"सगळं वायफायवर चालतं, केबल कशाला?" हा प्रश्न येतोच. पण वायफायचं यंत्रही चांगलं चालतं ते घराच्या मध्यावर, छताला, केबलने जोडलेलं. 5 गिगाहर्ट्झच्या लहरी जाड भिंतींपुढे लवकर दमतात. टीव्हीमागे, अभ्यासाच्या टेबलाशी आणि छताच्या मध्यावर, एवढ्या ठिकाणी केबल गेली तरी बाकी घर निभावतं. शिवाय इंटरनेटची लाइन जिथून घरात शिरते तिथपासून मुख्य जागेपर्यंत एक रिकामा पाइप सोडायचा, आत दोरी घालून.

[दृश्य: मेगर हातात. आकडा स्थिर होतो.]

गिलावा चढण्याआधी चाचणी. उपकरणं काढून, 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरीच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, प्रत्येक लाइनचं इन्सुलेशन तपासलं जातं. एक मेगाओमच्या खाली आकडा आला तर कुठेतरी आवरण फाटलंय किंवा ओल आहे. दोष आत्ता सापडला तर तासाभराचं काम.

मग फोटो. प्रत्येक भिंतीचा, टेप लावून, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून अंतर वाचता येईल असा. डीबीत एमसीबीच्या दोन-तीन जागा रिकाम्या, झाकणाच्या आत लाइनींची यादी. डेटाच्या प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना सारखाच क्रमांक, पण तो टोकापासून हातभर आत लिहायचा, कारण कनेक्टर बसवताना टोक छाटलं जातं आणि क्रमांक त्याच्याबरोबर केरात जातो.