आठ हात आणि त्यांच्यामधल्या खाचा

(ठाण्यात, नौपाड्यातल्या एका सभागृहात शिवणकाम करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. टेबलावर कापडाचे दोन ऑक्टोपस ठेवलेत, खेळण्यातले. एक पूर्ण आहे, दुसरा मी मुद्दाम अर्धा उसवलाय. पुढच्या रांगेने तो उसवलेला हातात घ्यावा आणि मागे पाठवत राहावं. आज बोलायचंय ते त्याच्याबद्दल.

ब्लाउज, परकर, फ्रॉक इथे सगळ्यांनाच येतात. कपड्याचं एक सुख असतं, त्याला गळा असतो, घेर असतो, आत हात घालून कुठलीही टीप परत मारता येते. खेळणं चहूबाजूंनी बंद. एकदा उलटवून भरलं की आतली शिवण तुमची राहिली नाही. म्हणून खेळण्यात कापड बेतण्याआधी ठरवायचा असतो तो क्रम: कुठली शिवण आधी, कुठली नंतर, उलटवायचं भोक कुठे. सशात किंवा हत्तीत हा क्रम थोडा चुकला तरी निभावतं. ऑक्टोपसमध्ये नाही, कारण इथे प्रत्येक गोष्ट आठदा येते.

हिशोबच करू. डोक्याचा घेर 48 सेंटीमीटर हवा, म्हणून 6 सेंटीमीटरच्या आठ कळ्या, म्हणजे वर निमुळते होणारे तुकडे, घेतल्या. आता टीप प्रत्येक काठाला फक्त 2 मिलीमीटर आत सरकली. कळीला दोन काठ, कळ्या आठ. घेरातून 3.2 सेंटीमीटर गेले! खालचा भाग मात्र मापाने कापलेला. मग आपण काय करतो? ओढून, चुण्या देऊन कसंबसं बसवतो आणि डोकं एका बाजूला कलतं. कापडाला दोष द्यायचं कारण नाही.

शिवाय आठ कळ्या शेंड्यावर एकत्र आल्या की तिथे सोळा पदर होतात. फ्लीसचे, म्हणजे मऊ लवदार कापडाचे, सोळा पदर पायमशीन ओलांडत नाही, सुई मोडते. म्हणून मी चार कळ्या घेते आणि प्रत्येक कळीखाली दोन हात सलग कापते. चूक निम्मी, जाडी निम्मी. डोकं जरा चौकोनी होईल अशी भीती वाटते, पण फ्लीस ताणलं जातं आणि भरल्यावर गोल होतं. आणि खरा ऑक्टोपस तरी कुठे चेंडूसारखा असतो? आपण ज्याला डोकं म्हणतो ती त्याची पिशवी आहे. पोटातले अवयव, तिन्ही हृदयं त्यातच. ती मागे ढळलेली असते. डोळे पिशवी आणि हात यांच्या मध्ये, म्हणजे बरेच खाली. बाजारातल्या खेळण्यांत डोळे वर, कपाळावर लावतात, तिथेच तो फुगा दिसायला लागतो.

आता मधल्या खाचा. उसवलेला जिथे पोचला असेल तिथे दोन हातांच्या मध्ये बोट घालून बघा. वरचा भाग आणि खालची आठ हातांची चांदणी सुलट बाजू समोरासमोर ठेवून आपण कडेने शिवतो: हातावरून वर, टोकाला वळसा, खाली, खाच, पुढचा हात. मूल ऑक्टोपस कसं धरतं? एका हाताला धरून गरगर फिरवतं. सगळा हिसका खाचेत. आणि नेमकं तिथेच आपल्याला माया, म्हणजे टिपेबाहेर सोडलेलं कापड, कातरावी लागते, नाहीतर उलटवल्यावर खाच गोळा होते. म्हणजे जिथे ताकद हवी तिथेच कापड सर्वांत कमी. या खेळण्यातला अवघड भाग एवढाच आहे, बाकी चिकाटी.

यावर मी तीन गोष्टी करते. एक, खाच इंग्रजी ‘व्ही’सारखी न ठेवता ‘यू’सारखी गोल आखते, ऑक्टोपसच्या हातांच्या मुळाशी खरोखरच कातडीचा पडदा असतो, त्यामुळे दिसायलाही तेच बरोबर. दुसरं, प्रत्येक खाचेखाली सुती अस्तराचा रुपयाएवढा तुकडा ठेवून दीड मिलीमीटरच्या बारीक टाक्याने दुहेरी टीप. आणि मग, शेवटी, कातर. टिपेच्या अलीकडे 2 मिलीमीटर थांबायचं. आधी कातरून मग जपून शिवू म्हणणाऱ्या खूप भेटतात. कातरलेली माया मशीनच्या दाताखाली पसरते, टीप जागेवर पडत नाही.

खालच्या चांदणीत एक लपलेली भानगड आहे. एकाच कापडातून आठ हात आठ दिशांना निघतात: दोन उभ्या धाग्यावर, दोन आडव्या, आणि चार उरेब, म्हणजे तिरपे. उरेब ताणलं जातं हे तुम्हाला मी सांगायला नको. भरल्यावर ते चार हात लांब होतात. मोजपट्टी लावली तर कागदावर सगळे सारखेच होते! चांदणीला मागून पातळ फ्यूजिंग, म्हणजे चिकटणारं अस्तर, इस्त्रीने चिकटवलं की आठही हात सारखे वागतात. नमदा, म्हणजे फेल्ट, घेतला तर हा प्रश्नच नाही, कारण त्याला ताणाबाणा नसतो. जर्मनीत मार्गारेटे श्टाइफ यांनी 1880 मध्ये नमद्याचे हत्ती शिवले ते टाचण्या टोचायला. मुलांनी ते खेळायला पळवले आणि त्यातून खेळण्यांचा कारखाना उभा राहिला. पण नमदा धुतल्यावर आटतो, म्हणून आपल्याकडे वर फ्लीस आणि खाली सुतीच बरं.

फ्यूजिंगचा एक फुकटचा फायदा होतो. वरचं फ्लीस ताणणारं, खालचं सुती न ताणणारं. भरलं की वरची बाजू लांबते, खालची अडते, हात आपोआप आत वळतो. इलॅस्टिक लागत नाही, तार तर नाहीच. मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली, “हातात तार घातली तर आकार टिकेल का?” टिकेल, महिनाभर. मग वाकून वाकून तार तुटेल आणि टोक बाहेर येईल. चेंदणी कोळीवाड्यात माकूळ, म्हणजे स्क्विड, घेतलंत तर ते साफ करताना आत पारदर्शक काडी मिळते. ऑक्टोपसच्या हातात तेवढंही नसतं, नुसते स्नायू.

भरण्याबद्दल एकच आकडा लक्षात ठेवा. सपाट 6 सेंटीमीटर रुंद नळी भरून गोल झाली की तिची जाडी 3.8 राहते. कागदावर हात जाडजूड वाटले तरी भरल्यावर बारीक दिसणार. त्यामुळे बेतताना रुंदी सढळ ठेवा. भरायला फायबर, म्हणजे कृत्रिम तंतूंचं भरण, लहान लहान पुंजके, टोकापासून. कापूस किंवा चिंध्या नकोत; ठाण्याच्या जुलैमध्ये धुतलेला कापसाचा ऑक्टोपस आठवडाभर वाळत नाही, आतून कुबट वास धरतो. हाताच्या मुळाशी दोन बोटं जागा मोकळी सोडा, म्हणजे हात लोंबतो. गच्च भरला तर काठीसारखा उभा राहतो, आणि ताण कुठे जातो? खाचेत.

उलटवायचं भोक कडेला ठेवू नका. तिथे सगळी वळणं, बंद केल्यावर सुरकुती पडते. मागच्या कळीच्या सरळ शिवणीत आठ-दहा सेंटीमीटर सोडा आणि शेवटी हाताने लॅडर स्टिच घाला, एकदा या काठात, एकदा त्या काठात, दोरा ओढला की टाका आत जातो. हाताचं टोक आतून ढकलायला विणायची सुई, बोथट बाजूने. टोकदार बाजूने ढकललं तर टोकाची टीप फुटते.

दुसरी चिठ्ठी विक्रीची आहे. खेळण्यांसाठी 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट दिलेली आहे. तेव्हा प्रदर्शनात स्टॉल लावण्याआधी नोंदणीचं बघा. पण सूट असली तरी तीन वर्षांखालच्या मुलासाठी बटणाचे डोळे लावू नका. तपासणीचं नळकांडं 31.7 मिलीमीटर व्यासाचं असतं. सुटून आलेली वस्तू त्यात मावली तर ती मुलाच्या घशात अडकू शकते. शर्टाचं बटण आरामात मावतं.

म्हणून डोळे भरतकामाचे. आणि चोषकही, म्हणजे हातांवरच्या चिकटणाऱ्या वाट्या, नमद्याच्या चकत्यांचे, प्रत्येक हाताला दोन ओळी. हे सगळं कापड सपाट असताना, कळ्या जोडायच्या आधी. दोन्ही डोळे एकाच कळीवर घेतले तर मधे शिवण येत नाही, उंची चुकत नाही. त्या कळीला बेततानाच खडूने खूण करून ठेवा, कारण उलट्या बाजूने शिवताना चारही कळ्या सारख्याच वाटतात आणि भोक बरोबर तिच्या समोरच्या कळीच्या शिवणीत यायला हवं.