हे वैर हजारो वर्षांचं नाही

श्रोतेहो, नमस्कार.

इस्रायल, इराण, इराक, पॅलेस्टाईन यांपैकी कुठलीही बातमी आली की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं. "त्यांचं काय घेऊन बसलात, ते हजारो वर्षं असेच भांडतायत." चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडीही ते असतं. मला हे वाक्य फार खुपतं, कारण ते खरं नाही, आणि त्याच्या आड तिथे आग लावणारे सहज लपतात. म्हणून आज बगदाद आणि तेहरान या दोन शहरांविषयी बोलणार आहे.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बगदादच्या लोकसंख्येत ज्यूंचा वाटा चौथ्या हिश्शाहून जास्त होता. घरी अरबी, बाजारात अरबी, गाणंही अरबी. इराकचे पहिले अर्थमंत्री सासून हेस्केल हे बगदादचे ज्यू. परदेशी तेल कंपनीशी बोलणी चालली असताना त्यांनी हट्ट धरला की इराकचा मोबदला सोन्याच्या भावाने मोजला पाहिजे. पौंड असताना सोनं कशाला, असं तेव्हा अनेकांना वाटलं. पण १९३१ साली ब्रिटनने पौंडाची सोन्याशी असलेली सांगड सोडली, पौंड घसरला, आणि इराकचं उत्पन्न शाबूत राहिलं. एका ज्यू मंत्र्याने अरब देशाच्या तिजोरीची राखण केली, आणि त्यात कुणाला नवल वाटलं नाही.

१९३२ साली कैरोत अरबी संगीताची मोठी परिषद भरली. इराकहून गेलेल्या चमूत गायक मुसलमान होते, मुहम्मद अल्-कुब्बांजी, आणि साथीला बसलेले वादक जवळपास सगळे ज्यू. पुढे बगदाद रेडिओ सुरू झाला तेव्हा त्याच्या वाद्यवृंदामागे सालेह आणि दाऊद अल्-कुवैती हे ज्यू भाऊ होते. रेडिओवर बोलताना ही नावं घेतल्यावाचून मला पुढे जाववत नाही.

सगळं गोडीगुलाबीचं होतं असं मी म्हणत नाही. मुंबईच्या ससून डॉकशी आणि पुण्याच्या ससून रुग्णालयाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, ते डेव्हिड ससून बगदादच्या तुर्की सुभेदाराच्या जाचाला कंटाळूनच शहर सोडून १८३२ साली मुंबईत आले. जुलूम होता, भेदभावही होता. पण दोन समाजांनी एकमेकांचं नाव टाकावं असं वैर नव्हतं.

मग काय झालं? १९१४ च्या नोव्हेंबरात ब्रिटिशांची फौज तेव्हा तुर्की साम्राज्यात असलेल्या इराकच्या किनाऱ्यावर उतरली. ती होती सहावी पुणे डिव्हिजन, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. त्यांतल्या १०३ आणि ११० क्रमांकाच्या पलटणी कूत या गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. जवळपास पाच महिने वेढा चालला. धान्य संपलं, घोडे कापून खायची वेळ आली, आणि आपल्यातल्या अनेकांनी धर्मापायी ते मांस तोंडात घातलं नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली. त्यांतली कित्येक पुढे कैदेत मेली. कुणाच्या कामी आली ती?

मार्च १९१७ मध्ये बगदाद ब्रिटिशांच्या हाती आलं. जनरल मॉड यांनी जाहीरनामा काढला की आम्ही जिंकायला नाही, तुमची सुटका करायला आलो आहोत. त्याचा मसुदा ब्रिटिश मुत्सद्दी मार्क साइक्स यांचा. याच साइक्स यांनी जेमतेम वर्षभर आधी फ्रान्सच्या पिको यांच्याबरोबर गुपचूप बसून हा सगळा मुलूख दोन देशांत वाटून घेतला होता. त्याच सुमाराला मक्केच्या शरीफ हुसेन यांना अरब राज्याचं आश्वासन दिलेलं होतं, आणि नोव्हेंबर १९१७ मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांनी पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा जाहीर केला. जमीन तीच आणि शब्द मात्र तिघांना. आजच्या वैराची मुळं शोधायची तर मी आधी या दोन-तीन वर्षांकडे बोट दाखवीन.

आता १९४१. इराक नावाला स्वतंत्र होता, पण ब्रिटिशांचे हवाई तळ तिथेच होते. एप्रिलमध्ये माजी पंतप्रधान रशीद अली यांनी लष्कराच्या मदतीने सत्ता घेतली आणि ते जर्मनीकडे झुकले. बर्लिनहून अरबी भाषेत रेडिओवर ज्यूंविरुद्ध विष ओतलं जात होतं, आणि पॅलेस्टाईनमधून बाहेर पडलेले जेरुसलेमचे मुफ्ती बगदादमध्ये बसून तेच सांगत होते. मे महिन्यात ब्रिटिशांनी लढाई जिंकली, रशीद अली पळाले. एक आणि दोन जूनला, ज्यूंचा शावुओत हा सण चालू असताना, बगदादच्या ज्यू वस्तीवर जमाव तुटून पडला. दीडशेहून जास्त माणसं मारली गेली. घरं, दुकानं लुटली. तिथे त्या दिवसांना 'फरहूद' म्हणतात.

ब्रिटिश फौज तेव्हा शहराच्या वेशीवर होती. आपल्या मर्जीतला राज्यकर्ता परत येतोय तो आपल्या संगिनींच्या जोरावर असं दिसू नये, म्हणून ती आत गेली नाही. जनाची लाज राखायला आत माणसं मरू दिली. त्या रात्री कित्येक ज्यू कुटुंबांना मुसलमान शेजाऱ्यांनी स्वतःच्या घरात लपवलं, हेही तितकंच खरं आहे आणि तेही सांगितलं पाहिजे.

इस्रायल झालं, १९४८ चं युद्ध झालं, लाखो पॅलेस्टिनी बेघर झाले. त्याचा सूड इराकच्या सरकारने आपल्याच नागरिकांवर काढला. १९५० साली कायदा केला की ज्यूंना नागरिकत्व सोडून निघून जाता येईल, आणि पुढच्या वर्षी जाणाऱ्यांची मालमत्ता गोठवली. सव्वा लाखाच्या आसपास माणसं विमानांनी इस्रायलला गेली. कुवैती भाऊही गेले. बगदाद रेडिओवर त्यांची गाणी वाजत राहिली, पण नाव गाळून.

आता तेहरान. त्याच १९४१ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटन आणि रशियाने इराण व्यापला आणि रझा शाह यांना गादी सोडायला लावली. 'बांद्रा' नावाच्या जहाजातून त्यांना मुंबईपर्यंत आणलं, पण ब्रिटिशांनी किनाऱ्यावर उतरू दिलं नाही. तिथून मॉरिशसला धाडलं. गादीवर त्यांचा तरुण मुलगा बसवला.

इराणच्या तेलावर ब्रिटिश कंपनीचा ताबा होता. आबादानची रिफायनरी तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी. तिथल्या मजुरांच्या वस्तीचं नाव कागझाबाद, धड पाणी नाही, वीज नाही. ब्रिटन सरकारला या कंपनीकडून करापोटी जेवढे पैसे मिळत, तेवढे इराणला स्वतःच्या तेलापोटी मिळत नव्हते. १९५१ च्या मार्चमध्ये संसदेने तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं आणि एप्रिलच्या अखेरीस मोहम्मद मोसद्देघ पंतप्रधान झाले. ब्रिटनने तेलाची नाकेबंदी केली, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. मोसद्देघ स्वतः हेगला जाऊन उभे राहिले, आणि १९५२ साली न्यायालयाने हे प्रकरण आमच्या अखत्यारीत येत नाही असा निकाल दिला.

कायद्याने जमलं नाही, तेव्हा कट शिजला. अमेरिकेच्या आधीच्या अध्यक्षांनी हात आखडता घेतला होता, आयझेनहॉवर यांनी होकार दिला. १५ ऑगस्ट १९५३ च्या रात्री पंतप्रधानांना पकडायला आलेला अधिकारी स्वतःच पकडला गेला, आणि शाह घाबरून बगदादला आणि तिथून रोमला पळाले. चारच दिवसांत डाव उलटला. पैसे वाटून आणलेला जमाव, रस्त्यावर रणगाडे, रेडिओ केंद्र ताब्यात, मोसद्देघ यांच्या घरावर तोफगोळे. त्यांना तीन वर्षांची कैद झाली आणि पुढे १९६७ मध्ये मरेपर्यंत गावी नजरकैद. तेलाचं काय झालं? १९५४ च्या नव्या वाटणीत चाळीस टक्के जुन्या ब्रिटिश कंपनीला, चाळीस टक्के अमेरिकी कंपन्यांना. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने आपला हात अधिकृतपणे कबूल केला तो साठ वर्षांनी, २०१३ मध्ये.

शाह यांच्या राज्यात इराण इस्रायलला तेल पुरवत होता. शाह यांची गुप्त पोलीस यंत्रणा 'सावाक' घडवायला अमेरिका आणि इस्रायल या दोघांनी हात लावला. त्या कोठड्यांत सोसलेल्या माणसांना कुणाचा राग येणार? १९७९ ची क्रांती झाली, शाह उपचारांसाठी न्यूयॉर्कला गेले, आणि तेहरानच्या विद्यार्थ्यांच्या मनात १९५३ जागा झाला. अमेरिकी वकिलातीवरचा कब्जा ४४४ दिवस चालला. ओलीस धरणं चूकच होतं. पण ते आभाळातून पडलं नव्हतं.

पुढे आठ वर्षं इराण आणि इराक एकमेकांना कापत राहिले. अमेरिकेने सद्दाम हुसेन यांना टेहळणीची माहिती दिली, आणि त्याच युद्धात इराणला चोरून शस्त्रंही विकली गेली. इस्रायलनेही विकली. लाखो पोरं खंदकांत मेली.

तिथल्या राज्यकर्त्यांना मी यातून मोकळं करत नाही. सद्दामने इराकमधल्याच हलब्जा या कुर्द गावावर विषारी वायू सोडला तो स्वतःच्या हुकमाने. इराणच्या मौलवींनी विरोधकांना फासावर दिलं ते स्वतःच्या सत्तेसाठी. गाझात जे झालं त्याचे निर्णय जेरुसलेममध्ये झाले, आणि ७ ऑक्टोबर २०२३ ची कत्तल ठरवणारे हमासचे होते. बाहेरच्यांनी दारूगोळा पुरवला, काडी ओढणारे घरातलेही होते.

पण याला जन्मजात वैर म्हणू नका. इस्रायलचे लष्करप्रमुख झालेले शाऊल मोफाझ तेहरानमध्ये जन्मले, राष्ट्रपती झालेले मोशे कात्साव यझ्दमध्ये. इराणमध्ये आजही हजारो ज्यू राहतात आणि संसदेत त्यांची एक राखीव जागा आहे.

२०२५ च्या जूनमध्ये अमेरिका आणि इराण यांच्यात अणुप्रश्नावर बोलण्यांची सहावी फेरी ठरली होती, १५ तारखेला, ओमानच्या मस्कतमध्ये. १३ तारखेला इस्रायलने इराणवर हल्ला केला. २२ तारखेला अमेरिकेची विमानं इराणच्या फोर्दो अणुकेंद्रावर बॉम्ब टाकून गेली. मस्कतची ती फेरी झालीच नाही. मोसद्देघ हेगला गेले होते, मस्कतलाही लोक जायला निघाले होते. बोलायला कुणी तयारच नसतं, असं यापुढे कुणी सांगितलं तर हेग आणि मस्कत या दोन प्रसंगांविषयी त्याला जरूर विचारा.

नमस्कार.