पगाराची तारीख गेल्यानंतर

[दृश्य: लालबाग, सकाळ. काचेच्या उंच इमारतींमधून दिसणारी गिरणीची जुनी चिमणी.]

निवेदन:

लालबाग, परळ, वरळी, शिवडी, नायगाव. जुनी माणसं या सगळ्या पट्ट्याला आजही गिरणगाव म्हणतात. इथला दिवस भोंग्यावर चालायचा. कोणी कधी झोपायचं, नळावर पाणी कधी भरायचं, भजनाला कधी बसायचं, सगळं पाळीवरून ठरे. चाळीतल्या एका खोलीत दहा-पंधरा पुरुष राहत. ते जमे, कारण त्यातले बरेचसे कायम कामावर असत.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगार वाढावा, गैरहजर माणसाच्या जागी रोजच्या रोज घेतलेल्या बदली कामगारांना कायम करावं, आणि एकाच मान्यताप्राप्त युनियनच्या हाती सगळा अधिकार देणारा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द व्हावा, या मागण्या होत्या. वर्ष उलटलं तरी तोडगा निघाला नाही. संप मागे घेतल्याची घोषणा तर कधीच झाली नाही. लाखाहून अधिक माणसं पुन्हा गिरणीच्या दारात गेली नाहीत.

संपाचं राजकारण हा मोठा विषय आहे आणि त्यावर पुष्कळ बोललं गेलं आहे. आपण बघणार आहोत ते त्यानंतरचं. नोकरी गेलेल्या घरानं स्वतःचा धंदा उभा करायचा ठरवलं, तर तो कशासाठी करायचा आणि कुठवर न्यायचा, हे त्यांनी कसं ठरवलं?

[दृश्य: संध्याकाळची वडापावची गाडी. कढईत सुटणारे वडे.]

निवेदन:

वीस वर्षं साचे, म्हणजे गिरणीतले माग, चालवलेल्या माणसाच्या हातात कसब होतं, पण ते कसब गिरणीबाहेर चालेना. घरात साचा आणता येत नाही. भिवंडीला यंत्रमागावर जावं तर पगार कमी, तास जास्त, आणि फंड-ग्रॅच्युइटीचं नाव नाही. काही जण तिकडे गेले. काही कोकणात, साताऱ्याला, कोल्हापुरात आपल्या गावी परतले. काही वॉचमन झाले. कित्येकांनी रस्त्यावर गाडी लावली.

त्यातल्या पुष्कळांनी वडापाव निवडला. दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ च्या सुमारास वडापाव विकायला सुरुवात केली असं मानलं जातं. १९८२ पर्यंत तो मुंबईच्या अंगवळणी पडला होता. एक शेगडी, एक कढई, बटाटे, बेसन, लसूण-खोबऱ्याची चटणी, पाववाल्याकडून उधारीवर लाद्या. यापेक्षा कमी भांडवलात सुरू होणारा धंदा सापडणं कठीण. शिवाय पाळी सुटल्यावर माणसाला काय खावंसं वाटतं, हे गिरणी कामगाराला कोणी शिकवायची गरज नव्हती. तो स्वतःच वर्षानुवर्षं ते गिऱ्हाईक होता.

काही गाड्या चालल्या, त्यांवर मुलं शिकली. पुष्कळ बंदही पडल्या, आणि ते बाजूला ठेवून ही गोष्ट सांगणं खोटेपणाचं होईल. एकाच गल्लीत तिघांनी तीच कढई चढवली. ज्या वस्तीचा पगार थांबला होता, त्याच वस्तीला विकायचं होतं. फेरीवाल्याचा परवाना मिळणं जवळजवळ अशक्य, त्यामुळे पालिकेची गाडी आली की सामान उचलून पळायचं. या सगळ्यात एकट्या माणसाची जिद्द किती दिवस पुरणार? ज्यांचं बुडालं त्यांच्या अंगात कष्ट नव्हते असं कोणी म्हणालं, तर ते आम्हाला मान्य नाही.

तरीही एक फरक दिसतो. समोरचा करतो म्हणून गाडी लावणं वेगळं, आणि 'हा माणूस, या वेळेला, इतक्या पैशांत जेवायला बघतोय, आणि ते मी देऊ शकतो' असं ठरवून लावणं वेगळं. हा हिशोब गिरणगावात सर्वांत आधी आणि सर्वांत नीट मांडला तो बायकांनी.

[दृश्य: चाळीतला अरुंद जिना. दारात चपलांचे जोड. आत पंगत.]

निवेदन:

खानावळ. या शब्दानं आज हॉटेलाची पाटी डोळ्यांसमोर येते. गिरणगावातली खानावळ म्हणजे दहा बाय बाराची खोली आणि त्यात राहणारी बाई. नवरा कामगार, कधी आजारी, कधी दारूत बुडालेला, कधी वारलेला. गावाकडे बायकोमुलं ठेवून एकट्यानं मुंबईत राहणारे कामगार तिच्याकडे दोन वेळचं जेवत. मालवणकडचा माणूस शक्यतो मालवणी बाईकडे, घाटावरचा घाटावरच्या बाईकडे, कारण जिभेला गावची चव हवी. पहिल्या पाळीच्या आधी भाकरी तयार हव्यात, म्हणून ती पहाटेच्याही आधी उठे. शेवटचा माणूस रात्रपाळीला जेवून गेला की भांडी.

तिच्या धंद्याची अडचण नीट समजून घेण्यासारखी आहे. जेवणारे तीस दिवस जेवत आणि पैसे पगाराच्या तारखेला, एकदम देत. वाणी मात्र महिनाभर थांबायला तयार नसे, किंवा थांबला तर भाव वाढवून लावी. मधल्या दिवसांसाठी ती सावकाराकडे जाई. अंगावरचे मणी, तांब्याचं पातेलं गहाण पडे. पगार झाला, जेवणाऱ्यांनी पैसे दिले, की त्यातला मोठा हिस्सा व्याजात निघून जाई. गिऱ्हाईक भरपूर, माल उत्तम, हात अखंड चालू, आणि तरी बाई कर्जात.

सत्तरच्या दशकात गिरण्यांचा संप झाला तेव्हा या बायकांनी पगार नसलेल्या कामगारांनाही उधारीवर जेवू घातलं. संप त्यांच्या चुलीवर तगला. हे ज्यांच्या डोळ्यांत भरलं त्यांचं नाव प्रेमाताई पुरव.

[दृश्य: प्रेमाताईंचं छायाचित्र. अन्नपूर्णा महिला मंडळाची पाटी.]

निवेदन:

प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या. गोवा मुक्तीच्या लढ्यात पायाला गोळी लागली. पुढे त्या मुंबईत आल्या आणि गिरणी कामगारांच्या चळवळीत मिसळल्या. त्यांचे पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे पुढारी. घरात एका बाजूला कामगार वस्तीची खडान्‌खडा माहिती, दुसऱ्या बाजूला बँकेच्या कारभाराची. १९६९ मध्ये चौदा मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं आणि गरिबाला कर्ज द्यायचं हे सरकारी धोरण होतं. पण खानावळवाल्या बाईला बँकेचं दार माहीत नव्हतं, आणि बँकेला ती बाई दिसत नव्हती.

१९७५ मध्ये प्रेमाताईंनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. बँकेकडे तारण ठेवायला या बायकांकडे काही नव्हतं, म्हणून गट केले. एकीनं दुसरीची हमी घ्यायची. कर्ज लहान होतं आणि कशासाठी ते स्पष्ट होतं: महिन्याचा किराणा रोखीनं भरायचा.

इथे थोडं थांबू या. या बायकांना त्या वेळी कोणी विचारलं असतं, बाई, तुमचं स्वप्न काय, तर त्यांनी काय सांगितलं असतं? मुलानं शिकावं. स्वतःची खोली असावी. पोरीला या धुरात बसावं लागू नये. ही स्वप्नं खरी होती आणि पहाटे उठवायला तीच कामी येत होती. पण स्वप्नावर बँक कर्ज देत नाही, आणि उद्या सकाळी नेमकं काय करायचं हेही त्यातून कळत नाही. अन्नपूर्णेनं त्या स्वप्नाला पहिली पायरी लावून दिली. सावकाराचा पैसा बंद, किराणा रोखीत. ते जमलं की घेतलेलं कर्ज वेळेवर फेडायचं. ते फेडलं की पुढचं, थोडं मोठं. आपण कुठे आहोत हे बाईला कुठल्याही दिवशी सांगता येत होतं, कारण सावकाराचं देणं एकतर असे किंवा नसे.

आणि गट. आम्हाला वाटतं, गटाचं महत्त्व हमीपुरतं नव्हतं. कालपर्यंत 'अमक्याची बायको' किंवा 'ती जेवण करणारी' असलेली बाई तिथे आपल्या धंद्याबद्दल दुसऱ्या बाईशी बोलत होती. तांदूळ काय भावानं घेतलास? त्यानं गेल्या महिन्याचे पैसे दिले का? नोकरी गेलेल्या माणसाला पैशाइतकीच ही गोष्ट छळते, की आज काय केलंस, असं विचारणारं कोणी उरत नाही. गिरणीत मुकादम विचारायचा, माणसं कामावर लावणारा जॉबर विचारायचा. घरी बायको विचारायला घाबरते.

[दृश्य: बंद गिरणीचं गंजलेलं फाटक. मग दादरचं पोळी-भाजी केंद्र, रांग.]

निवेदन:

१९८२ च्या संपानं खानावळीवरही घाव घातला. जेवणारेच गावी निघून गेले. ज्या बायकांच्या घरातला पुरुषही गिरणीतला होता, त्यांचं दोन्हीकडून गेलं. हळूहळू गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आणि टॉवर आले, आणि गिरणगावातली जुनी खानावळ जवळपास संपली.

पण जेवण लागणारा माणूस संपला नव्हता. तो आता कापडाच्या धुळीनं माखलेला नव्हता, इस्त्रीच्या शर्टात होता. त्याची बायको गावाला नव्हती, तीही नोकरीवर होती. संध्याकाळी सातला स्टेशनवरून घरी जाताना दोघांना चार पोळ्या आणि एक भाजी हवी होती. दादर, परळ, गिरगाव, ठाणे, जिथे मराठी मध्यमवर्ग आहे तिथे पोळी-भाजी केंद्रं उभी राहिली. अन्नपूर्णेनंही बायकांना स्वयंपाकाचं प्रशिक्षण आणि मोठ्या ऑर्डरी मिळवून दिल्या. भाकरीची पोळी झाली, पंगतीचं पार्सल झालं. भुकेल्या माणसाला घरचं जेवण, परवडेल त्या पैशांत, हा धंद्याचा गाभा मात्र तोच राहिला. ज्यांनी हा गाभा धरला त्यांना गिऱ्हाईक बदलता आलं.

पुढे प्रेमाताईंची मुलगी डॉ. मेधा पुरव-सामंत बँकेतली अधिकाऱ्याची नोकरी सोडून या कामात उतरल्या आणि १९९३ मध्ये पुण्यात अन्नपूर्णा परिवाराचं काम सुरू झालं. वस्त्यांमधल्या छोटा धंदा करणाऱ्या बायकांना कर्ज, जोडीला बचत, परस्पर विमा, म्हणजे सगळ्यांनी जमवलेल्या पैशांतून अडलेलीला मदत, आणि पाळणाघरं. पाळणाघर का? कारण मूल तापानं फणफणलं की भाजीची पाटी त्या दिवशी उचलली जात नाही, आणि दवाखान्याच्या बिलात महिन्याचं भांडवल जातं. धंदा बुडतो तो अनेकदा धंद्याबाहेरच्या कारणानं. हे ज्यांनी जवळून पाहिलं त्यांनाच पाळणाघर कर्जाच्या शेजारी ठेवणं सुचतं.

[दृश्य: आजचं एक स्वयंपाकघर. ओट्यावर वही, पेन, स्टीलचे डबे.]

निवेदन:

आज नोकरी जाते ती भोंग्याच्या आवाजात नाही, ई-मेलनं जाते. कारखान्याचा फिटर असो, शाळेच्या बसचा चालक असो की आयटीतला इंजिनीअर, पहिल्या काही आठवड्यांत मन एकाच गोष्टीकडे धावतं: मिळालेले पैसे कशात तरी घालावेत आणि लोकांना दाखवावं की मी रिकामा नाही. तेवढं करू नका. हातात आलेले पैसे आधी घराच्या खर्चाचे आहेत. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, उरेल ते भांडवल. काही उरत नसेल तर बिनभांडवली काहीतरी शोधायचं, किंवा धंद्यासोबत अर्धवेळ काम धरायचं. त्यात कमीपणा नाही.

मग वहीत, शक्य तितक्या साध्या आकड्यांत लिहायचं. समजा, घराला महिन्याला १८,००० रुपये लागतात. समजा, डब्याचा धंदा करायचा आहे आणि किराणा, गॅस, पोचवणं सगळं वजा जाऊन एका डब्यामागे २० रुपये उरतात. म्हणजे महिन्याला ९०० डबे. पंचवीस दिवस काम धरलं तर रोजचे ३६.

'धंदा जमेल का' या प्रश्नाला उत्तर नसतं, म्हणून तो रात्री झोपू देत नाही. 'रोज छत्तीस डबे कोण घेईल' याला उत्तर असतं. ते शोधायला चपला घालून बाहेर पडता येतं. आपल्या इमारतीत एकटी राहणारी म्हातारी माणसं किती? जवळच्या हॉस्पिटलात बाहेरगावच्या रुग्णांचे नातेवाईक कुठे जेवतात? शेजारच्या बँकेत किती जण घरून डबा आणत नाहीत? पहिल्या महिन्याचं लक्ष्य छत्तीस ठेवू नका. आठ ठेवा, पण असे आठ, जे दुसऱ्या महिन्यातही डबा घेतील.

कागदपत्रं फार नाहीत. अन्न विकायचं तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते, आणि लहान उलाढालीच्या धंद्यासाठी ती स्वस्त आणि सोपी आहे. कर्ज लागलंच तर २०१५ पासून छोट्या धंद्यांना कर्ज देणारी मुद्रा योजना आहे. २०२० मध्ये फेरीवाल्यांसाठी स्वनिधी योजना आली, तीत पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं ठेवलं होतं. ते वेळेवर फेडणाऱ्याला पुढे २०,००० आणि मग ५०,००० मिळत. नंतर या रकमा बदलल्या. गिरणगावातल्या बायकांनी पंचेचाळीस वर्षं आधी जो जिना चढला, त्याच्याच या पायऱ्या.

घरचे पैसे आणि धंद्याचे पैसे दोन डब्यांत ठेवा. नात्यातल्या नसलेल्या दोन माणसांना, शक्यतो स्वतः धंदा करणाऱ्या, दर आठवड्याला वही दाखवायची असं ठरवून टाका. आणि एक तारीख लिहा.

सहा महिन्यांनी, त्या तारखेला, आकडा बघायचा. रोजचे तीस डबे जात असतील तर थांबायचं कारण नाही, उरलेले सहा पुढच्या सोसायटीत शोधायचे. बारावरच अडकलं असेल तर त्याच दिवशी नोकरीचे अर्ज पाठवायला सुरुवात करायची, आणि ते बारा डबे घरातल्या दुसऱ्या कोणाला सांभाळायला जमतील का, हे रात्री जेवताना सगळ्यांसमोर विचारायचं.