पैसे आले, पण हातात नाहीत

समोर बसलेल्यांपैकी ज्यांनी ऑनलाइन बाजारात एखादी तरी वस्तू विकली आहे, त्यांच्या ओळखीचा एक स्क्रीन असतो. वर ठसठशीत अक्षरांत 'पेमेंट मिळाले'. त्याखाली बारीक, फिकट अक्षरांत 'ही रक्कम सध्या काढता येणार नाही'. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा एक जुना फिल्म कॅमेरा विकला होता. पार्सल नीट बांधलं, स्वतः जाऊन दिलं, पोहोचल्याची नोंदही झाली, आणि पैसे मात्र काचेपलीकडे. दिसतायत, मोजता येतायत, पण हात लागत नाही. त्या रात्री मी कस्टमर केअरला जो मेल लिहिला, तो आज माझा मलाच वाचवत नाही.

तेव्हा मला कुणीतरी शांतपणे सांगायला हवं होतं, की बाई गं, ते पैसे अजून पुरते तुझे झालेलेच नाहीत. वस्तू विकली जाणं वेगळं आणि व्यवहार मिटणं वेगळं. समोरासमोरच्या खरेदीत दोन्ही एकाच क्षणी होतं, त्यामुळे त्यांच्यातलं अंतर आपल्या लक्षातही येत नाही. ऑनलाइन बाजारात मध्ये दिवसच्या दिवस जातात, आणि त्या दिवसांत पैसा कुणाकडे राहायचा, एवढाच खरा वाद आहे.

बाजार चालवणाऱ्याच्या बाजूने बघा जरा. ग्राहकाने कार्डाने पैसे भरले. वस्तू आलीच नाही, किंवा भलतीच आली, तर तो आपल्या बँकेकडे तक्रार करतो. याला चार्जबॅक म्हणतात. बहुतेक तक्रारींसाठी कार्ड कंपन्या साधारण १२० दिवसांची मुदत देतात. बँक ते पैसे आधी बाजाराकडून किंवा पेमेंट कंपनीकडून खेचून घेते, विक्रेत्याचा नंबर त्यानंतर. तोवर विक्रेता पैसे काढून पसार झाला असेल, तर खड्डा बाजाराला भरावा लागतो. म्हणून होल्ड, म्हणजे पैसे काही दिवस थांबवून ठेवणं. सरळ मराठीत ही अनामत आहे, फक्त ती आपण नेऊन ठेवायच्या आधीच कापून घेतलेली असते.

मग रोज शेकडो पार्सलं पाठवणाऱ्याला होल्ड का नाही? कारण त्याची अनामत दुसऱ्या रूपात पडलेली असते. त्याची उद्याची विक्री, परवाची विक्री, वर्षानुवर्षांचे रिव्ह्यू, हे सगळं सोडून तो चार ऑर्डरींच्या पैशांसाठी पळणार नाही. नव्या माणसाकडे गमावण्यासारखं काहीच नसतं. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे, पत. जिथे पत नाही तिथे रोकड तारण ठेवावी लागते. होल्डचे नियम आणि फीडबॅकचे नियम वेबसाइटवर दोन वेगळ्या पानांवर लिहिलेले असतात. माझ्या मते ते एकच पान आहे.

होल्ड लागला की विक्रेत्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मी काहीच चूक केलेली नाही!" खरंच केलेली नसते. पण यंत्रणा माणूस बघत नाही, नमुना बघते. लबाडीचा एक जुना, घासून गुळगुळीत झालेला नमुना असा: खातं उघडायचं, दहा-बारा किरकोळ वस्तू अगदी इमानदारीत विकायच्या, छान छान रिव्ह्यू जमवायचे आणि मग एका दिवशी वीस महागडे फोन लिस्ट करून पैसे घेऊन गायब व्हायचं. आता विचार करा, वर्षभर चहाचे कप विकणाऱ्या प्रामाणिक बाईने एका शनिवारी वडिलांचं उंची घड्याळ विकायला काढलं, तर ती यंत्राला कशी दिसेल? नवं खातं, बरेच दिवस बंद पडून अचानक जागं झालेलं खातं, किमतीत एकदम उडी, मालाचा प्रकार बदलणं, बँक खातं बदलणं, रिटर्नचा ओघ वाढणं, एवढ्यावर होल्ड लागू शकतो. ती शिक्षा नसते. शिक्षेसारखी वाटते, हे मात्र खरं.

मुदती प्रत्येकाच्या वेगळ्या. पेपॅल या ऑनलाइन पेमेंट कंपनीचा नेहमीचा होल्ड २१ दिवसांपर्यंतचा, आणि खात्यावरच मर्यादा घातली तर शिल्लक १८० दिवसांपर्यंत अडकू शकते. अ‍ॅमेझॉनवर माल पोहोचल्याच्या तारखेनंतर ७ दिवस रक्कम राखून ठेवायची पद्धत आहे. चीनमध्ये ताओबाओ या ऑनलाइन बाजाराने तर २००३ मध्ये अलीपे ही पेमेंट सेवा आणली तीच या तत्त्वावर: ग्राहकाचे पैसे मध्यस्थाकडे थांबतील, आणि माल मिळाल्याचं ग्राहकाने सांगितल्यावरच विक्रेत्याकडे जातील. तिथे होल्ड हा अपवाद नव्हता, तोच नियम होता. अनोळखी माणसाला आधी पैसे पाठवायला लोक धजावले ते त्यामुळेच.

आता जिथे खरं दुखतं तिथे येऊ. समजा तुम्ही आठवड्याला १० वस्तू विकता आणि प्रत्येकीचे पैसे २१ दिवस थांबतात. म्हणजे कुठल्याही दिवशी ३० वस्तूंचे पैसे अडकलेले. धंदा वाढला, आठवड्याला २० जायला लागल्या, की अडकलेल्या झाल्या ६०. पुढचा माल मात्र रोख घ्यायचा, पार्सलचा खर्च रोख. धंदा चालत नाही म्हणून बुडालेले लोक मी पाहिलेत, तसे फार चांगला चालला म्हणून श्वास कोंडलेलेही पाहिलेत. नव्या विक्रेत्याला मी एकच गोष्ट सांगते: विकून आलेल्या पैशातून पुढचा माल आणायचा बेत पहिले तीन महिने करू नका. हा हिशेब होल्ड लागण्याआधी कागदावर मांडायचा असतो, लागल्यावर नाही.

होल्ड लवकर सुटावा यासाठी करण्यासारखं फार नसतं, पण जे असतं ते नेमकं असतं. ट्रॅकिंग नंबर ऑर्डरवर चढवा आणि चढवताना पावतीवरचा आकडा न् आकडा जुळवून बघा. एक अंक चुकला तर यंत्रणेच्या लेखी तुमचं पार्सल पाठवलंच गेलेलं नाही. पार्सल काउंटरवर ठेवून निघून येऊ नका, ते स्कॅन होईपर्यंत उभे राहा. 'पोहोचले' अशी नोंद पडली की अनेक ठिकाणी उलटी गिनती तिथून सुरू होते, तुम्ही पॅक कधी केलं त्याला किंमत नाही.

याचा अर्थ बाजारवाले जे करतात ते सगळं मुकाट्याने मान्य करावं, असं मी म्हणत नाही. पैसे थांबवणं समजू शकतं. कारण न सांगता थांबवणं मला कधीच पटलं नाही. २०२३ मध्ये एट्सी या ऑनलाइन बाजारातल्या काही हस्तकला विक्रेत्यांच्या विक्रीतली ७५ टक्के रक्कम ४५ दिवस राखून ठेवली गेली, तेव्हा त्यांचा संताप रकमेइतकाच त्या मोघम सूचनांवरही होता. युरोपीय संघाचा २०१९ चा एक नियम आहे, १२ जुलै २०२० पासून लागू झालेला. त्यानुसार बाजाराला विक्रेत्याची सेवा रोखायची किंवा मर्यादित करायची असेल तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि अटी बदलायच्या असतील तर किमान १५ दिवस आधी कळवावं लागतं. एवढी साधी गोष्ट, पण तिच्यासाठी कायदा करावा लागला.

आता पतीकडे वळू. म्हणजे, पत या अर्थी, नवरा या अर्थी नव्हे.

१९९५ मध्ये पिएर ओमिद्यारने ऑक्शनवेब नावाची लिलावाची साइट सुरू केली, तीच पुढे ईबे झाली. अनोळखी माणसं एकमेकांवर विश्वास कसा ठेवणार, या प्रश्नावर त्याने १९९६ च्या फेब्रुवारीत फीडबॅकची सोय काढली. चांगल्या अनुभवाला अधिक एक, वाईटाला उणे एक. बेरीज उणे चारवर गेली की माणूस बाहेर. गंमत म्हणजे सुरुवातीला व्यवहार झालेला नसला तरी कुणीही कुणाबद्दलही फीडबॅक देऊ शकत असे. गावच्या पारावरच्या गप्पांसारखंच.

पुढे फीडबॅक व्यवहाराला बांधला गेला आणि वेगळंच दुखणं सुरू झालं. ग्राहक आणि विक्रेता दोघंही एकमेकांना शेरा देऊ शकत होते. मग विक्रेते आधी शेरा देईनात. 'तू मला वाईट दिलास तर मी तुला देईन' ही धमकी बोलून दाखवायची गरजच नव्हती. पॉल रेझनिक आणि रिचर्ड झेकहाउझर या संशोधकांनी १९९९ मधले ईबेवरचे व्यवहार तपासले, तर ग्राहकांनी दिलेल्या शेऱ्यांपैकी ९९.१ टक्के चांगले निघाले. इतकं चांगलं जग कुठे असतं का हो? शेवटी मे २००८ मध्ये ईबेने विक्रेत्यांचा ग्राहकाला वाईट शेरा देण्याचा हक्कच काढून घेतला. विक्रेते भयंकर चिडले. मला विचाराल तर निर्णय बरोबर होता, पण अर्धाच. भीती नाहीशी झाली नाही, तिने बाजू बदलली. प्रवाशांना राहायला घरं मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीने २०१४ मध्ये काढलेली तोड मला जास्त शहाणपणाची वाटते: दोघांनी शेरा लिहून होईपर्यंत किंवा १४ दिवस उलटेपर्यंत कुणाचाच शेरा दिसत नाही.

शेऱ्यांची चलनवाढ मात्र कुणालाच थांबवता आलेली नाही. सगळेच ९९ टक्क्यांवर असले की ९७ टक्के म्हणजे नापास. ग्राहक तीन स्टार देतो आणि त्याच्या मनात 'ठीक आहे' असतं, बाजाराच्या हिशेबात तो आरोप ठरतो. तरीही पतीला किंमत आहे, आणि ती मोजली गेली आहे. रेझनिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये छापलेला प्रयोग असा: एका नावाजलेल्या विक्रेत्याने जुनी पोस्टकार्डं काही आपल्या नावाने विकली आणि तशीच काही नव्याने उघडलेल्या खात्यांवरून. माल तोच, माणूस तोच. जुन्या नावावर ग्राहक सरासरी ८.१ टक्के जास्त द्यायला तयार होते.

म्हणूनच शेऱ्यांवरून सौदेबाजी होते. 'अर्धे पैसे परत करा, नाहीतर एक स्टार' असं म्हणणारा ग्राहक तुम्हाला भेटणारच. ही खंडणी आहे आणि मोठ्या बाजारांच्या नियमांत तिला बंदी आहे. पण बंदीचा उपयोग पुरावा असेल तरच. असं बोलणं फोनवर घेऊ नका, साइटच्याच मेसेजमध्ये आणा, तिथे शब्द जपून राहतो. उलट बाजूने, पार्सलमध्ये चिठ्ठी टाकून 'पाच स्टार द्या आणि भेट मिळवा' म्हणणं हेही तितकंच निषिद्ध. अमेरिकेत ग्राहकांचं हित बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेचा ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेला नियम खोट्या रिव्ह्यूंची खरेदी-विक्री आणि 'चांगलंच लिहा' या अटीवरचं बक्षीस, दोन्हीला मनाई करतो. आणि कुरिअरच्या उशिराबद्दलचा शेरा काढून मागायचा असेल, तर तुम्ही वेळेत पार्सल दिल्याचं तेच स्कॅन कामी येतं. मघाशी काउंटरवर उभं राहा म्हटलं ना, ते यासाठीही.

मगाशी चिठ्ठीतून एक प्रश्न आला होता, वाईट शेऱ्याला उत्तर द्यावं का. माझंच सांगते. त्या कॅमेऱ्याचा होल्ड अठराव्या दिवशी सुटला आणि दुसऱ्याच दिवशी ग्राहकाचा शेरा आला, न्यूट्रल, म्हणजे ना चांगला ना वाईट. मजकूर चार शब्दांचा: 'कॅमेरा छान. डबा चेपलेला.' मी आठ ओळींचं उत्तर लिहिलं. कुरिअर, पाऊस, माझे अडकलेले पैसे, लोकांना कशाची किंमत नाही, सगळं त्यात आलं. पुढच्या कॅमेऱ्याला महिनाभर कुणी विचारलं नाही. नंतर एका ग्राहकाने खरेदी करण्याआधी मेसेजमध्ये विचारलं, "काही बिनसलं तर तुम्ही चिडणार नाही ना?" मी तो डबा कसा चेपला ते विसरले आहे, पण उत्तर अजून त्या पानावर आहे. तिथे उत्तर एकदाच देता येतं आणि खोडता येत नाही.